भिंतीपासून चार बोटं

ज्यांच्या घरात पाठीच्या कण्याचा क्षय शिरला आहे आणि ज्यांना डॉक्टरांनी 'पडून राहा' यापलीकडे काही सांगितलेलं नाही, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. बाकीच्यांनी वाचायला हरकत नाही, फक्त मला सल्ले पाठवू नयेत. सल्ले मला पोटभर मिळाले. कुणी गंगेचा गाळ थापायला सांगितला, कुणी कबुतराचं रक्त चोळायला. मी सगळ्यांना हो म्हटलं आणि काही केलं नाही, कारण मला कूससुद्धा बदलता येत नव्हती.

मी काशीची. बालाजी घाटाच्या वरच्या गल्लीत आमचं घर. पूर्वज पुण्याकडून आले आणि इथलेच झाले. आमची मराठी अर्धी हिंदीत बुडालेली आहे, तेवढं सांभाळून घ्या. माझे वडील, म्हणजे दादा, वेदपाठशाळेत शिकवतात. आई नाही. थोरला भाऊ अण्णा घाटाजवळच्या आखाड्याचा वस्ताद. मी विधवा झाले तेव्हा इतकी लहान होते की नवऱ्याचा चेहरा मला आठवत नाही. दादांनी माझे केस राखले, मला शाळेत घातलं आणि गल्लीला जे बोलायचं ते बोलू दिलं. अण्णाने आंगनात नमस्कार, जोर, लेझीम सगळं शिकवलं, आणि त्याच्या जोरावर मला मुलींच्या शाळेत कवायतीची नोकरी लागली. मुली मला बहिनजी म्हणतात. ती नोकरी नसती तर मी जन्मभर माजघरात वाती वळत बसले असते. एवढं कळलं की माझी भीती कशाची होती ते कळेल.

दर वर्षी शाळा उघडली की मी एकेका मुलीला भिंतीशी उभी करायची. टाचा भिंतीला, बसायचा भाग भिंतीला, खांदे भिंतीला, डोकं भिंतीला. ज्या मुली घरी पाणी भरून, धाकटी भावंडं कडेवर घेऊन पोक काढायच्या, त्यांचं डोकं टेकायचं नाही. मग मी ओरडायची, "सिर दीवार से!" माझ्या माघारी मुली माझी नक्कल करायच्या, ती याच वाक्याची.

साधलेली पाठ

त्या हिवाळ्यात इन्स्पेक्ट्रेस मॅडम शाळा बघायला येणार होत्या. गोरी बाई, शिवाय कलेक्टरसाहेबांची मेमही बरोबर येणार, म्हणून बडी बहिनजी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, हैराण झालेल्या. मी मुलींकडून लेझीम बसवून घेत होते आणि माझी पाठ दुखायला लागली. मधोमध, एकाच जागी. संध्याकाळी अंगात कसर यायची, बारीक ताप. भूक मेली. मी म्हटलं, श्रम झालेत.

अण्णा म्हणाला, "अंग आंबलंय तुझं, वत्सू. सोडू नकोस. काल केलंस त्याहून आज एक जास्त. दुखलं तरी एक जास्त. दुखणं असंच बाहेर पडतं."

हा आखाड्याचा कायदा. त्यावर माणसं मोठी झालेली मी डोळ्यांनी पाहिली आहेत, त्यामुळे मला तो खोटा वाटायचं कारणच नव्हतं. मी रोज एक नमस्कार वाढवत गेले.

मग पाठ वाकेनाशी झाली. खाली पडलेली लेझीम उचलायची तर मी एक हात मांडीवर ठेवून, गुडघे दुमडून, सरळ खाली जायची आणि तशीच सरळ वर यायची. मणका एक म्हणून हलायचा नाही. अण्णाने आंगनात हे बघितलं आणि तो इतका खूश झाला की वहिनीला हाक मारून बाहेर बोलावलं. "बघ हिची पाठ! माझ्या आखाड्यात एकाला अशी साधली नाही." मलाही ते पटलं, काय सांगू! दुसऱ्या दिवशी शाळेत मी सगळ्या रांगेला दाखवलं, चीज कैसे उठाते हैं, देखो. सगळ्या मुली मांडीवर हात ठेवून माझ्यासारख्या खाली बसल्या.

आखाड्यात मेहनत झाली की एकमेकांची पाठ पायाने तुडवायची रीत आहे. खुंटीला दोर बांधायचा, त्याला धरून आपलं वजन सांभाळायचं आणि पालथ्या पडलेल्याच्या पाठीवरून चालायचं. अण्णाने चटईवर माझी पाठ तशी तुडवली. काळजीने, प्रेमाने, हे मी शपथेवर सांगेन. त्या दुखऱ्या जागी त्याची टाच आली आणि माझ्या डोळ्यांपुढे अंधार झाला. मी ओठ चावून गप्प राहिले. वस्तादाची बहीण ना मी.

दुसऱ्या दिवशी उजवा पाय जड झाला. जिना उतरताना मी भिंतीला धरलं, ते वहिनीने पाहिलं. ती हातातलं पीठ झटकून म्हणाली, "पुरे झाली तुमची कसरत, वन्सं. मी इक्का बोलावते."

रुमाल

अण्णा आणि वहिनी दोघंही बरोबर आले. इस्पितळातले डॉक्टर बंगाली होते, वयस्क, किडकिडीत. त्यांनी पाठीला हातच लावला नाही. खिशातला रुमाल काढला आणि जमिनीवर टाकला. "जरा उठा दीजिए."

मी मांडीवर हात ठेवला, सरळ खाली गेले, रुमाल उचलला, सरळ वर आले. मनात म्हटलं, बघा, अशी शिस्त तुमच्या इस्पितळात कुणाला आहे का. अण्णानेही डॉक्टरांकडे अशा नजरेने बघितलं की, शिकवलंय कुणी!

डॉक्टरांनी रुमाल पुन्हा टाकला. मी पुन्हा उचलला. तेव्हा ते अण्णाला म्हणाले, "आप बैठ जाइए." मग हळू आवाजात सांगितलं की ही वाकत नाही, कारण हिला वाकता येत नाही. आतलं हाड सडतं आहे आणि ते हलू नये म्हणून सगळी पाठ आवळून बसली आहे.

त्यानंतर त्यांनी मणक्यांवरून बोट फिरवलं. एका मणक्याशी मी अशी किंचाळले की बाहेरची माणसं दारात आली. हाडांच्या फोटोची, एक्स-रेची काच आली तेव्हा ती खिडकीशी धरून त्यांनी दाखवलं, दोन मणके एकमेकांत खचले होते.

"क्षय," डॉक्टर म्हणाले.

अण्णा म्हणाला, "क्षय तो छाती में होता है."

"हड्डी में भी होता है. किसी ने पीठ पर जोर दिया था?"

वहिनी अण्णाकडे बघत नव्हती, मीही बघत नव्हते. शेवटी तोच म्हणाला, "हमने. पैर से."

डॉक्टरांनी चष्मा पुसला. "रोग उससे नहीं हुआ," ते म्हणाले. "पर अब कोई हाथ नहीं लगाएगा." यातलं पहिलं वाक्य अण्णाच्या कानात शिरलंच नाही. तो दुसरं तेवढं घेऊन घरी गेला.

मी विचारलं, किती दिवस? ते म्हणाले, वर्षभर, जास्तही लागेल, पडून. मी विचारलं, मग? मग बघू चालता येतं का. मी विचारलं, आणि कवायत? ते म्हणाले, "पहले खड़ी तो होइए."

मला भीती वाटली ती क्षय या शब्दाची नाही, या वाक्याची.

प्लास्टर

मला प्लास्टरच्या साच्यात उताणी निजवलं, मानेपासून मांड्यांपर्यंत. वर छत. पालीच्या आकाराचा एक डाग होता त्यावर, तो मला आजही काढून दाखवता येईल. सकाळी झाडू, मग थर्मामीटर, मग दूध, मग सिस्टर. सिस्टर मार्था इथलीच होती, बोलायची अस्सल बनारसी. ती रोज माझ्या तळव्यावर किल्ली ओढायची आणि विचारायची, "हुआ?" किल्ली कळली तर पाय जिवंत. उजवा पाय दिवसेंदिवस बधिर होत चालला होता. शेजारच्या खाटेवर एक मल्लाहीण होती, नावाड्याची बायको, तिला किल्ली कळायची बंद झाली आणि महिन्याभरात तिचे दोन्ही पाय गेले. मग तिला घरच्यांनी उचलून नेलं. तिची खाट रिकामी झाली त्या दिवशी मी जेवले नाही.

माझा सगळा जीव त्या किल्लीत अडकला होता. एका सकाळी सिस्टरने विचारलं, "हुआ?" मी घाईने म्हटलं, "हुआ, हुआ!"

ती म्हणाली, "बहिनजी, अभी तो हमने छुआ भी नहीं."

मी हसायला लागले, ते हसू थांबेना आणि मग रडू थांबेना. सिस्टरने माझे डोळे पुसले. मग तिने किल्ली ओढली, आणि ती मला कळली. अगदी पुसट, पण कळली.

माशाचं तेल प्यायला सांगितलं होतं. आमच्या घरात! मी ठरवलं होतं की दादांना कळू द्यायचं नाही. पण एक दिवस तेच पाठशाळा सुटल्यावर बाटली घेऊन आले. वैदिक ब्राह्मण, कपाळाला भस्म, हातात माशाच्या तेलाची बाटली. त्यांनी तोंड दुसरीकडे वळवून चमचा भरला आणि मला म्हणाले, "औषध आहे. पी." मी प्यायले. रोज स्वतः द्यायचे आणि मग घाटावर जाऊन पुन्हा स्नान करायचे, माघाच्या थंडीतसुद्धा. मी म्हटलं, दादा, सिस्टर देईल की. ते म्हणाले, "तिच्या हातून तू अर्धं सांडतेस." खरंच होतं ते.

आरसा

उताणी असल्यामुळे मला येणाऱ्याचं तोंड दिसायचं नाही. वहिनीने आपल्या पेटीतला हातआरसा आणून दिला. तो वर धरला की दार, दाराबाहेरचा कडुनिंब आणि आली-गेली माणसं दिसायची. असा वहिनीसारखा विचार करणारं माणूस तुमच्या घरात असेल तर त्याचे पाय धरा.

अण्णा मात्र यायचा नाही. वहिनी म्हणायची, आखाड्यात काम आहे. एक दिवस मी आरसा धरला, तर तो दारात उभा. आत येत नव्हता. किती दिवस असा दारापर्यंत येऊन परत जात होता कोण जाणे. आणि त्याचे खांदे! ज्या माणसाने अख्ख्या मोहल्ल्याला छाती काढून चालायला शिकवलं, त्याचे खांदे पुढे पडलेले, मान खाली घातलेली. मला इतका राग आला की विचारू नका.

"अण्णा, खांदे!" मी ओरडले.

सगळा वॉर्ड दचकला. अण्णाने सवयीने छाती पुढे काढली आणि मग तोंडावर हात घेऊन तिथेच बसला. वहिनीने नंतर खरं ते सांगितलं. त्याने आखाड्यात जाणं सोडलं होतं. कुणालाच शिकवत नव्हता. म्हणाला होता, "माझ्या पायाला पाप लागलंय."

गल्लीतल्या बायकाही काय कमी होत्या! विधवेला उड्या मारायला लावल्या, भोगा आता, असं त्या वहिनीच्या तोंडावर बोलल्या. अण्णा ऐकून घ्यायचा. माझ्या अंगात बळ असतं तर मी एकेकीला भिंतीला उभी केली असती.

नव्याने गिरवलेला धडा

पुढे मला तशीच साच्यात घालून घरी आणलं. आंगनात ऊन येतं तिथे खाट. आता माझ्यासारख्या आजाऱ्यांना जे सांगायचं ते इथे आहे.

मी डॉक्टरांना विचारलं होतं की मला काय काय हलवायची परवानगी आहे. ते म्हणाले, पाठ सोडून सगळं, पण थोडं. मग मी अण्णाला हाक मारली आणि म्हटलं, "वस्ताद, नवा गडी आला आहे. कण्याने अधू, पायाने कच्चा. घेणार का आखाड्यात?"

तो म्हणाला, "मला नको सांगूस, वत्सू."

"मग कुणाला सांगू? त्या बायकांना?"

तो बसला. आम्ही सुरुवात केली ती श्वासाने. बरगड्या फुगतात का ते बघायचं, एवढंच. मग पायाची बोटं. मग घोटे. मग हात, आधी रिकामे, पुढे पाण्याचा लोटा घेऊन. पहिल्याच आठवड्यात अण्णाचा जुना कायदा वर आला. चेहरा उजळला आणि म्हणाला, "जमतंय! आणखी एक घे."

"नाही."

"एकच गं."

"नाही म्हटलं ना. उद्या."

हे मी छताकडे बघत शिकले. आज जेवढं केलं तेवढं उद्या सहज करता आलं, तरच ते झालं म्हणायचं. संध्याकाळी कसर आली तर आजचं जास्त झालं, उद्या कमी करायचं, आणि त्यात लाज नाही. काही दिवस काहीच करायचं नाही. तो दिवस वाया गेला असं समजू नका, हाड त्याच दिवशी भरतं. निरोग्यांनाही हेच लागू आहे, असं आता अण्णा म्हणतो. तो पुन्हा आखाड्यात जायला लागला आहे, आणि तिथे आता दुखलं म्हटलं की गडी आधी थांबतो, मग पाठ तुडवायची की डॉक्टरकडे जायचं ते ठरतं.

एका दुपारी आम्ही दोघं असेच बोलत होतो, पाठ, मणका, खांदे. वहिनी चुलीपुढून उठून आली. तोंड लाल झालेलं. "तुम्ही बहीण-भाऊ पाठीशिवाय दुसरं बोलत नाही," ती म्हणाली. "माझ्या पाठीची कधी कुणी चौकशी केली? घाटावरून पाणी आणायचं, इस्पितळात डबा न्यायचा, तुमचं सगळं अंथरुणात करायचं. मला कुठला साचा मिळणार आहे?"

तिचं खरं होतं. मग अण्णा उठला आणि घडा घेऊन घाटाकडे गेला. वस्ताद पाणी भरतोय म्हणून गल्ली हसली. हसू दे. वहिनी माझ्या खाटेशेजारी चटईवर गुडघे वर घेऊन उताणी पडली, मी सांगितलं तशी, आणि मिनिटात घोरायला लागली. पुढे रोज दुपारी पडायची. दोघी शेजारी शेजारी, एक खाटेवर, एक खाली. त्या आजारातले माझे सगळ्यात सुखाचे दिवस ते.

भिंत

उजवा पाय परत आला. हळूहळू, पण आला. मग उभं राहणं. पहिल्यांदा उभी केली तेव्हा जमीन इतकी खाली दिसली की मी वहिनीच्या मानेला मिठी मारली. कित्येक महिने प्लास्टरचं जाकीट. शेवटी डॉक्टरांनी ते कापून काढलं आणि सांगितलं, हाड भरलं. जा. वजन उचलू नका, उड्या नाहीत. पाठीवर एक उंचवटा राहील, तो जाणार नाही.

कुबड म्हणायचं त्याला. डॉक्टर सभ्य होते म्हणून उंचवटा म्हणाले.

बडी बहिनजींनी माझी जागा धरून ठेवली होती. निरोप आला की शाळा उघडेल त्या दिवशी या आणि मुलींपुढे उभ्या राहून दाखवा. इन्स्पेक्ट्रेस मॅडमना कळवायचं आहे की कवायतीच्या बहिनजी कामाच्या आहेत की नाहीत. मुलींना ताठ उभं करायला कुबडी बाई कोण ठेवील?

आदल्या दिवशी मी आंगनातल्या भिंतीशी गेले. टाचा लागल्या. बसायचा भाग लागला. मग खांद्यांच्या आधी कुबड लागलं. मी डोकं मागे नेलं, आणखी नेलं, मानेची शीर ताणली. भिंत लागेना. समोर अण्णा उभा होता, त्याने माझं तोंड पाहिलं असणार. तो जवळ आला आणि माझ्या डोक्यामागे भिंतीवर आपला हात उभा धरला, अंगठ्याची बाजू माझ्याकडे. माझं डोकं त्याच्या हाताला टेकलं.

"टेकलं," तो म्हणाला. "बघ, टेकलं."

मला ते हवं होतं. खोटं कशाला सांगू? मी तशीच उभी राहिले थोडा वेळ, डोकं त्याच्या हातावर टाकून.

मग म्हटलं, "अण्णा, हात काढ."

"राहू दे ना गं."

"काढ. उद्या शाळेत काय सांगू, भावाला बरोबर घेऊन या म्हणून?"

त्याने हात काढला. मागच्या फटीत बोटं घालून बघितलं. "चार बोटं," म्हणाला.

"चार तर चार. तिथून सुरुवात करू."

दुसऱ्या दिवशी तो मला शाळेच्या फाटकापर्यंत सोडायला आला. आत मुली भिंतीशी रांगेत उभ्या होत्या, सगळ्या खालमानेने माझ्याकडे बघत. बडी बहिनजी दारात उभ्या. मुली वाट बघत होत्या की मी आता ओरडेन. मी ओरडले नाही. रांगेच्या टोकाला गेले, भिंतीला पाठ लावली, जेवढं डोकं मागे जातं तेवढं नेलं, आणि फटीत बोटं घालून सगळ्यांना दाखवलं.

"मेरी चार उँगली," मी म्हटलं. "अब अपनी-अपनी नापो."

मग बांगड्यांचा आवाज झाला आणि सगळ्या रांगेने हात डोक्यामागे नेले.